न्याय, दया आणि साष्टीचे पुराण

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'विषयी मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बराचसा भाग भाषेविषयी आहे. परदेशातून आलेल्या एका जेझुइटाने मराठीची थोरवी गायिली ही गोष्ट आपल्या अभिमानाला इतकी सुखावणारी ठरली, की त्या ग्रंथातील देव दंड करणारा आहे की क्षमा करणारा, आणि साष्टीतील ज्या श्रोत्यांना तो सांगितला गेला त्यांनी त्याच काळात आपल्या भोवती कोणता न्याय आणि कोणती दया पाहिली होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे. ग्रंथाच्या काव्यगुणांची चर्चा येथे हेतुपुरस्सर बाजूला ठेवली आहे.

प्रथम शिकवणीचे स्वरूप पाहू. देव न्यायी आहे आणि देव दयाळू आहे ही दोन्ही विधाने एकाच वेळी कशी खरी असू शकतील, हा ख्रिस्ती तत्त्वचिंतनातील फार जुना पेच आहे. पाप्याला शिक्षा न करावी तर न्यायाला बाध येतो. करावी तर दयेला जागा उरत नाही. अकराव्या शतकात अॅन्सेल्म यांनी हा पेच ऋणाच्या भाषेत मांडला : पाप हे मनुष्याकडून देवाचे देणे आहे, ते फेडल्याशिवाय मर्यादा सावरत नाही, आणि ते फेडण्याची ऐपत मात्र मनुष्यापाशी नाही. तेराव्या शतकात थॉमस अॅक्विनस यांनी त्याचे उत्तर अधिक सौम्यपणे दिले. ज्याचे शंभर देणे आहे त्याला एखाद्याने स्वतःच्या पदरचे आणखी शंभर घालून दोनशे दिले, तर त्याने न्याय मोडला असे कोणी म्हणत नाही. त्याने न्यायापेक्षा अधिक केले. दया म्हणजे न्यायाचा अभाव नसून न्यायाची परिपूर्ती होय, असा त्यांचा निष्कर्ष. बायबलातील ८५व्या स्तोत्रातील गुणांना मध्ययुगीन उपदेशकांनी देवाच्या चार कन्या कल्पून स्वर्गात त्यांचा वाद लावून दिला, तो याच पेचातून.

हे झाले पंडितांचे. सामान्य प्रापंचिकाला हा सिद्धान्त भेटतो तो पापनिवेदनाच्या पेटीशी. तेथे त्याचे तीन भाग होतात : पश्चात्ताप, पापाचा उच्चार आणि भरपाई. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ साली या संस्काराची मांडणी करताना धर्मगुरूला न्यायाधीशाच्या जागी बसविले. मात्र हे न्यायालय मोठे विलक्षण आहे. येथे फिर्यादी आणि आरोपी एकच असतो, साक्षीदार नसतो, लेखी नोंद नसते, आणि जो प्रामाणिकपणे आपल्यावर आरोप ठेवतो त्याला न्यायाधीश मुक्त करतो. एवढी दया झाल्यावरही एक अट मात्र राहते. चोरलेली वस्तू परत केली पाहिजे. निदान ती परत करण्याचा खरा निश्चय तरी हवा. नुसते डोळे पुसून भागत नाही. या तिसऱ्या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे, कारण पुढील सारे विवेचन त्यावर उभे आहे.

मराठी मनाला यातले फारसे काही परके नव्हते. धर्मशास्त्रातील प्रायश्चित्ताचा विचार असाच काटेकोर, मोजमापाचा होता. आणि त्याच्या शेजारी संतांची कृपेची भाषा मोजमाप झुगारून देत होती. 'देवाच्या काठीला आवाज नसतो' असे म्हणणारा आपला माणूस दुसऱ्या श्वासाला 'देव तारी त्याला कोण मारी' असेही म्हणतो, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही. स्टीफन्स हे एकनाथांचे धाकटे समकालीन होत. ज्या ओवीत त्यांनी लिहिले ती ओवी कृपेची भाषा बोलायला आधीच सरावलेली होती.

आता साष्टीकडे वळू. १५८३ हे एकच वर्ष घेतले तरी पुरे आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. कॅथलिक असणे हाच त्या देशात अपराध ठरू लागला होता. थॉमस पाउंड नावाच्या मित्रासह देश सोडण्याचा त्यांचा बेत होता. पाउंड पकडले गेले आणि पुढे सुमारे तीस वर्षे त्यांनी तुरुंगांत काढली. स्टीफन्स रोमला पोचले, १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले, आणि १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले. १५८१च्या डिसेंबरात त्यांच्याच संघाचे एडमंड कँपियन यांना लंडनमध्ये देहान्ताची शिक्षा झाली. सत्तेचा न्याय आरोपीच्या बाजूने कसा दिसतो हे या माणसाला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

गोव्यात मात्र ते सत्तेच्या बाजूला उभे होते. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. कुंकळ्ळी आणि भोवतालच्या गावांनी कर देण्यास नकार दिला होता, आणि त्यांच्यावर लष्करी स्वाऱ्याही झाल्या होत्या. १५८३च्या जुलैत चर्चसाठी जागा पाहावयास रुदोल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार जेझुइट सहकारी कुंकळ्ळीस गेले असता गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. त्यांच्या सोबतचे काही देशी ख्रिस्तीही त्यात मारले गेले. हेच आक्वाव्हिवा काही महिन्यांपूर्वीपर्यंत अकबराच्या दरबारी होते. यानंतर पोर्तुगीज सत्तेने कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेतले आणि कोणतीही चौकशी न करता त्यांचा वध केला. पाच जेझुइटांना पोप तेराव्या लिओंनी १८९३ साली धन्य म्हणून घोषित केले. त्यांच्याबरोबर मेलेल्या देशी ख्रिस्ती माणसांची नावे त्या यादीत नाहीत. किल्ल्यात मारल्या गेलेल्या गावकरांचे स्मारक तर कुंकळ्ळीत फार अलीकडे उभे राहिले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीफन्स यांनी पॅरिसमधील आपल्या भावाला एक लॅटिन पत्र लिहिले. या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळती आहे, हा त्यातील अभिप्राय आपले अभ्यासक वारंवार उद्धृत करतात. हा कौतुकाचा अभिप्राय कुंकळ्ळीनंतर अवघ्या तीन महिन्यांनी लिहिलेला आहे, याची आठवण मात्र क्वचित कोणी देतो. आणि डिसेंबरात आणखी एक प्रसंग घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबरी आणि त्यांचे दोन सोबती हे इंग्रज व्यापारी होर्मुझ येथे हेर म्हणून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले होते. जे राज्य आपल्या सहधर्मीयांना फासावर चढवीत होते त्याच राज्याची ही माणसे. त्यातून धर्माच्या दृष्टीने संशयित. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी खटपट केली आणि नाताळाच्या आधी त्यांना जामिनावर सोडविले. फिच आणि न्यूबरी या दोघांनीही या उपकाराची नोंद ठेवली आहे. बंदिवानांना भेटणे व सोडविणे हे कॅथलिक प्रश्नोत्तरीतील चौदा दयाकृत्यांपैकी एक होय. येथे ते पुस्तकातून उतरून प्रत्यक्षात आले. तथापि असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्यांसाठी कोणी जामीन शोधला नाही, हेही त्याच वर्षाच्या हिशेबात लिहिले पाहिजे. स्टीफन्स यांच्यावर दोष ठेवण्याचा येथे उद्देश नाही. एकाच वर्षात, एकाच मुलुखात दया कोणापर्यंत पोचली आणि कोठे थांबली, एवढेच दाखवावयाचे आहे.

या पार्श्वभूमीवर 'ख्रिस्तपुराणा'चा पहिला अवस्वरू पुन्हा वाचावा. ग्रंथ कसा निर्माण झाला याची हकीकत कवीनेच तेथे सांगितली आहे. साष्टीत मुलांना दौत्रिना, म्हणजे धर्मप्रश्नोत्तरी, शिकवली जात असताना नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो : दौत्रिना शिकवता हे ठीकच आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हाला का करून देत नाही? सारे पुराण या मागणीचे उत्तर म्हणून उभे राहते. ग्रंथारंभी श्रोत्याने वक्त्याला प्रार्थना करावी हा आपल्या पुराणवाङ्मयाचा संकेत आहे, आणि म्हणून आजवरच्या बहुतेक वाचकांनी हा प्रसंग संकेत म्हणून सोडून दिला. प्रस्तुत लेखकाला त्यात संकेताहून अधिक काही दिसते. ही नम्र शब्दांत केलेली फिर्याद आहे. 'तुम्ही आमच्याकडून एक वस्तू काढून घेतली आहे' हे विधान या मागणीच्या पोटात आहे, आणि नवख्रिस्ती मनुष्य ते आपल्या गुरूला त्याच्याच धर्माच्या न्यायाने सांगत आहे. घेतलेले परत करावे, हे त्याला दौत्रिनेनेच शिकवले होते.

काढून घेणे हा शब्द येथे अलंकाराने वापरलेला नाही. १५५९च्या सुमाराच्या जेझुइट पत्रव्यवहारात अशी हकीकत आहे, की एका तरुण ब्राह्मण नवख्रिस्ताने मुलुखाबाहेरील एका विद्वान ब्राह्मणाच्या घरातून त्याने वर्षानुवर्षे जमवलेले ग्रंथ बळाने काढून आणले, आणि गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयात त्यांचा उपयोग मतखंडनासाठी करण्यात आला. अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकांनी या हकीकतीकडे लक्ष वेधले आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेली मराठी आणि कोकणी कथांची हस्तलिखिते आहेत. तीही त्या काळातील अशाच उद्योगाची साक्ष देतात. ग्रंथ आणणाऱ्यांच्या दृष्टीने ते सत्कृत्य होते. परंतु ज्याची पोथी गेली तो पापनिवेदनाच्या पेटीपाशी आला असता, आणि त्याने आपलीच पोथी मागितली असती, तर त्या शास्त्राप्रमाणे धर्मगुरूला काय उत्तर देता आले असते?

स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे ग्रंथ छापविला. तेव्हा कुंकळ्ळीच्या घटनेला तेहतीस वर्षे झाली होती. दोन पुराणे, पंचाण्णव अवस्वरू, सुमारे अकरा हजार ओव्या. रविवारी आणि सणावारी देवळांतून त्याचे वाचन होई. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे आणि उद्धाराला मुक्ती. या शब्दयोजनेला कोणी युक्ती म्हणतात, कोणी समन्वय म्हणतात. मला ती अपुरी पण खरी भरपाई वाटते. पोथी परत मिळाली नाही. पोथीचा छंद, पोथीचे शब्द आणि पोथी ऐकावयास बसण्याची रीत मात्र परत मिळाली. यापैकी शेवटची गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. दौत्रिनेपुढे मनुष्य विद्यार्थी म्हणून उभा राहतो, धर्मन्यायालयापुढे आरोपी म्हणून. पुराणापुढे तो श्रोता म्हणून बसतो. आपल्याकडे पुराण ऐकावयास बसणारा मनुष्य शिक्षा ऐकावयास बसत नाही. ऐकणे हेच तारक आहे या श्रद्धेने तो बसतो, आणि ती श्रद्धा त्याने नव्या धर्मात जुन्या घरातून आणलेली असते. म्हणून आदिपुराणात आदामाचे पतन आणि जलप्रलय यांसारख्या दंडाच्या कथा असूनही ग्रंथाचा कल त्याच्या जातीमुळेच दयेकडे झुकतो. तो झुकविण्यात स्टीफन्स यांचे जेवढे श्रेय आहे तेवढेच मागणी करणाऱ्या त्या अनामिक ब्राह्मणाचेही आहे.

असे प्रत्येक पुराणाबाबत झाले नाही, याचा दाखला त्याच पिढीत सापडतो. एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने १६२९ आणि १६३४ या वर्षांत संत पेत्राच्या चरित्रावर मराठी पुराण प्रसिद्ध केले. विषयाची निवड पाहता हे दयेचे पुराण व्हावयास हवे होते. कारण आपल्या गुरूला तीनदा नाकारणारा आणि तरीही क्षमा पावून शिष्यांचा अग्रणी झालेला पेत्र हे क्षमेचे मूर्तिमंत उदाहरण होय. परंतु ग्रंथाच्या पोर्तुगीज नावातच मूर्तिपूजकांच्या प्रमुख चुकांचे खंडन हा हेतू जाहीर केलेला आहे. नायक क्षमा पावलेला, आणि कवी वादी पक्षाचा वकील! हा विरोध काव्याला मानवला नाही असे आमचे मत आहे.

गोव्याच्या सार्वजनिक जीवनात त्या काळी न्याय आणि दया यांना दोन वेगळ्या इमारती मिळाल्या होत्या. १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या वाड्याला लोक नुसते 'व्हडलें घर' म्हणत. नाव घेण्याचेही भय होते. त्या न्यायालयाच्या निशाणावर एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ऑलिव्हची डहाळी घेतलेले संत डॉमिनिक होते, आणि सोबत 'न्याय आणि दया' या अर्थाचे लॅटिन शब्द. दमण येथे १६७३ साली पकडला गेलेला आणि १६७६ साली गोव्यात शिक्षा झालेला फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याने १६८७ साली आपली हकीकत प्रसिद्ध केली, तीत हे निशाण वर्णिले आहे. आरोपीला आरोप सांगत नसत. ख्रिस्ताच्या करुणेचा हवाला देऊन त्याला पुन्हा पुन्हा आपणहून कबुली देण्यास बजावत. वरकरणी हे पापनिवेदनच होते : तेच स्वतःवर आरोप ठेवणे, तेच दयेचे आश्वासन. भेद एवढाच, की येथे कबुली लिहून ठेवली जाई, तिच्या आधारे दुसऱ्याला पकडले जाई, आणि मुक्ततेऐवजी माणसाला पिवळा झगा घालून मिरवणुकीत चालविले जाई. ज्याला जिवंत ठेवावयाचे नसे त्याला चर्च स्वतः मारीत नसे. दयेने वागवा अशी विनंती करून त्याला राजाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली करी, आणि त्या विनंतीचा अर्थ सर्वांना ठाऊक असे. दयेच्या शब्दाची इतकी विटंबना धर्माच्या शत्रूंनाही जमली नसती. हे न्यायालय १७७४ ते १७७८ एवढा खंड वगळता १८१२ पर्यंत चालू राहिले. १७३६च्या त्याच्या जाहीरनाम्याने नवख्रिस्तांच्या घरातील धोतर आणि तुळस यांसारख्या गोष्टींनाही हात घातला.

दुसरी इमारत मिझेरिकॉर्दियाची, म्हणजे शब्दशः दयेची. राणी लिओनोर हिने १४९८ साली लिस्बनमध्ये स्थापलेल्या या बंधुसंघाची शाखा गोव्यात सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत निघाली. संघ प्रापंचिकांचा होता. इस्पितळ चालवणे, अनाथ मुलींच्या विवाहाला हुंडा देणे, बंदिवानांना अन्न पोचवणे, फाशी जाणाऱ्याबरोबर शेवटपर्यंत चालणे आणि त्याच्या प्रेताला मूठमाती देणे ही त्याची कामे. चौदा दयाकृत्यांची यादी एका संस्थेने इतक्या शिस्तीने आचरणात आणल्याची उदाहरणे इतिहासात थोडी आहेत. परंतु या दयेचे दार मुख्यतः पोर्तुगीज प्रतिष्ठितांपुरते उघडे होते. देशी ख्रिस्तांनी खेड्यापाड्यांतून आपापले कोंफ्रारिये, म्हणजे धार्मिक बंधुसंघ, काढले, आणि तेथे गावकर व बिगर-गावकर, बामण व चारडो हे जुने भेद मेणबत्त्या आणि झगे यांच्या रांगेत पुन्हा उभे राहिले. दयेच्या संस्थेत शिरण्यासाठी न्याय मागावा लागावा, आणि त्या मागणीवरची भांडणे पिढ्यानुपिढ्या चालावीत, हा गोव्याच्या सामाजिक इतिहासातील एक लांबलेला अध्याय आहे. त्याचा स्वतंत्र विचार व्हावा. येथे तेवढी जागा नाही.

या दोन इमारतींच्या मध्ये सामान्य ख्रिस्ती मनुष्याचे वर्षभराचे जीवन चाले. पास्काच्या सुमारास वर्षातून एकदा तरी कुमसार करावयाचा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवशी मृतांची आठवण. शोधनाग्नीत, म्हणजे पुर्गातोरात, असलेल्या आपल्या माणसांसाठी मिस्सा. शोधनाग्नीची कल्पना आधुनिक मनाला भयंकर वाटते. पण त्या घरांत ती भयापेक्षा नात्याची होती. मेलेल्या आईचा खटला अजून संपलेला नाही, आणि जिवंत मुलाच्या प्रार्थनेला तेथे किंमत आहे, असा तिचा अर्थ. आपल्या श्राद्धकर्माशी तिचे नाते जोडून सोपी तुलना करण्याचा मोह आवरलेला बरा. परंतु नव्या धर्माने पितरांना पूर्ण तोडून टाकले नाही, ही गोष्ट साष्टीतील माणसाला जाणवल्यावाचून राहिली नसणार.

एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ख्रिस्ती उपासनेच्या आरंभी देवाकडे दयेची याचना करतात. ती शतकानुशतके लॅटिन विधीतही ग्रीक शब्दांतच राहिली होती, आणि १९६२ ते १९६५ मधील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषांत आली. मराठीत तेथे 'दया' हा शब्द आहे. कोकणीत 'काकळूत', बोलण्यात 'काकूत'. आजच्या प्रमाण मराठीत काकुळती ही मागणाऱ्याची असते. काकुळतीला येतो तो दुबळा. कोकणीत काकळूत देणाऱ्यापाशी असते, आणि देवापाशी ती सर्वांत अधिक. याचकाची व्याकुळता आणि दात्याची करुणा एकाच शब्दाच्या दोन टोकांना असावी, ही गोष्ट अॅन्सेल्मच्या ऋणाच्या गणितात बसणारी नाही. ती साष्टीच्या माणसाने शास्त्रातून घेतली नाही. ती त्याच्या बोलीत होती.

मराठी भाषक कॅथलिकांचे दुसरे मोठे घर म्हणजे वसई. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तेथील ख्रिस्ती प्रजा इन्क्विझिशनच्या छायेतून एकाएकी बाहेर पडली. धर्म राहिला, त्यामागची तलवार गेली. त्या समाजाच्या श्रद्धेत भयाचा अंश कमी का, याचे एक कारण येथे असावे असा माझा तर्क आहे. या वसईत विसाव्या शतकाच्या अखेरीस न्याय हा शब्द पुन्हा वेगळ्या अर्थाने ऐकू आला. १९७१च्या रोममधील बिशपांच्या सभेने जगातील न्याय हा विषय घेतला होता. वसईत तो जमीन, विहिरी आणि बागा यांचा प्रश्न झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू आणि असंख्य प्रापंचिक 'हरित वसई'च्या चळवळीत उतरले. त्याच दिब्रिटोंनी पुढे 'सुबोध बायबल' मराठीला दिले, ही गोष्ट नुसती योगायोगाची मानता येत नाही. याच काळात पोलंडमधील संत फाउस्तिना हिच्या नावाशी निगडित असलेली दैवी करुणेची भक्तीही जगभरच्या कॅथलिकांत पसरली. तिला २००० साली संतपद मिळाले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५–१६ हे करुणेचे विशेष वर्ष म्हणून पाळविले. दुपारी तीनच्या प्रार्थनेत डोळे मिटणारी बाई आणि पाण्यासाठी मोर्चात चालणारी बाई वसईत पुष्कळदा एकच असे. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत न्याय आणि दया यांची प्रकरणे वेगवेगळी असतात.

'ख्रिस्तपुराणा'चे पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवतो. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. जी वस्तू भरपाई म्हणून दिली गेली होती तीच पुन्हा काढून घेण्याचा हा प्रकार होता. ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन छापील आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ प्रसिद्ध केला तो हस्तलिखितांवरून, आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली. मधली अडीचशे वर्षे गोव्यातील आणि दक्षिण कानड्यातील ख्रिस्ती घरांनी तो हाताने उतरवून घेतला, वाचला आणि पुढच्या पिढीला दिला. नकलकारांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. व्हडल्या घराच्या दप्तरातील बहुतेक कागद एकोणिसाव्या शतकात जाळण्यात आले. पुराणाची एक देवनागरी प्रत लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत मार्सडन यांच्या संग्रहात आहे.